रोटेगावहून टिरेटा बाजारापर्यंत

बालमित्रांनो, तुमच्या वर्गात असा एक तरी मुलगा किंवा मुलगी आहे का, जिनं 'चायनीज' अजून खाल्लेलंच नाही? वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा आता असा विद्यार्थी शोधून सापडणार नाही. संध्याकाळ झाली, की लाल अक्षरांची पाटी लावलेल्या गाड्यांवर मोठ्या आचेचा भगभग आवाज सुरू होतो. कोबी सपासप चिरला जातो, कढई उडते आणि पाच मिनिटांत 'मंचुरियन' नाहीतर 'हक्का नूडल्स'ची बशी हातात येते. नंतर पाणी पीत पीत घरी जायचं!

पण हे पदार्थ खरंच चीनचे आहेत का? मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा भाग. तिथं जाऊन तुम्ही 'एक प्लेट मंचुरियन' मागितलंत, तर समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहील. कारण हा पदार्थ आपल्या मुंबईचा आहे! कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग नावाचे चिनी वंशाचे स्वयंपाकी मुंबईला आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काहीतरी नवं करून द्या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी आपल्याकडचं आलं, लसूण आणि हिरवी मिरची घेतली. मात्र गरम मसाल्याऐवजी त्यात सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअर लावून रस्सा दाट केला. झालं चिकन मंचुरियन! कोबीचं मंचुरियन हे त्याचंच शाकाहारी भावंडं.

आणि 'हक्का'? हक्का हे लोकांचं नाव आहे. दक्षिण चीनमधून आलेले हक्का लोक कोलकात्यात राहतात, दोनशे वर्षांपासून. म्हणजे गाडीवरच्या पाटीचा पत्ता शोधत निघालं, तर बीजिंगला नव्हे, कोलकात्याला जावं लागतं. आम्ही तेच केलं.

पंचावन्न मिनिटं आधीचा सूर्य

आमची फौज पाच जणांची. दादा, वहिनी, आठवीतला पुतण्या, पाचवीतली पुतणी आणि मी, म्हणजे त्यांचा काका. वैजापूरचं रेल्वे स्टेशन म्हणजे रोटेगाव. तिथून मनमाड आणि मनमाडहून हावड्याची गाडी. मनमाड ते हावडा साधारण सतराशे किलोमीटर. भुसावळ, नागपूर मागे टाकत, कापूस संपून भाताची खाचरं सुरू झालेली बघत, एक दिवस आणि एक रात्र उलटली, की हुगळीच्या काठी आपण उतरतो. समोर १९४३ साली सुरू झालेला तो प्रचंड हावडा पूल.

"उद्या पहाटे साडेपाचला निघायचंय," असं मी जाहीर केलं, तेव्हा पुतण्यानं कपाळाला हात लावला. "काका, नाश्त्यासाठी कुणी साडेपाचला उठतं का? अंधार असेल!"

पण अंधार नव्हताच. का, सांगा बरं? पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. वैजापूर आहे पूर्व रेखांश पावणेपंच्याहत्तरच्या आसपास आणि कोलकाता सव्वाअठ्ठ्याऐंशीच्या पुढे. फरक जवळजवळ पावणेचौदा अंशांचा. गुणा चारनं. पंचावन्न मिनिटं! घड्याळ सगळ्या भारताचं एकच. पण कोलकात्याचा सूर्य वैजापूरपेक्षा जवळजवळ तासभर आधी उठतो. पुतणीनं हे गणित पांघरुणातच सोडवलं आणि मग तिला उठावंच लागलं.

बाजार आठाला उठतो

कोलकात्यात पोलिसांचं मुख्यालय आहे लालबाजारला. त्याच्या जवळच, पोद्दार कोर्ट नावाच्या इमारतीपाशी, सन यत सेन रस्त्याच्या तोंडाला पहाटे हा नाश्ता मांडला जातो. या भागाचं नाव टिरेटा बाजार. हे नाव चिनीही नाही नि बंगालीही नाही. टिरेटा हा व्हेनिसकडचा एक इटालियन माणूस. अठराव्या शतकात कलकत्त्यात तो रस्ते आणि इमारतींचा कारभार बघायचा. त्यानं हा बाजार वसवला. इटालियन माणसाचा बाजार, बंगालचं शहर आणि चिनी न्याहारी!

इथं टेबलखुर्च्या नाहीत. पाट्या, दरपत्रकं नाहीत. रस्त्याच्या कडेला लहान लहान टेबलं किंवा फळकुटं, त्यांवर ॲल्युमिनियमची उंच भांडी. झाकण उघडलं, की वाफेचा लोट. एखाद्या भांड्यात पांढरेशुभ्र, पावासारखे फुगलेले गोळे असतात, ते बाओ. एखाद्यात वरून उघडे, फुलाच्या कळीसारखे दिसणारे सियु माय. एकीकडे माशाच्या गोळ्यांचं गरम सूप उकळत असतं. तिळात घोळवून तळलेले गोड गोळे असतात. मोमो तर असतातच. मधूनच आपल्या ओळखीची पुरी-भाजीही दिसते. कागदी बशी हातात घ्यायची, उभ्यानं खायचं आणि पुढच्या भांड्यापाशी सरकायचं. मोठ्या हॉटेलात वाफवलेल्या चार गोळ्यांच्या एका बशीला जेवढे पैसे मोजावे लागतात, तेवढ्यात इथं चौघांचा नाश्ता आटोपतो.

आठ-साडेआठ वाजले, की भांडी रिकामी होतात आणि बाजार उठतो. त्याच जागेवर नेहमीच्या शहराची वर्दळ सुरू होते. उशिरा उठणाऱ्याला हा बाजार दिसतच नाही. रविवारी मात्र तो जरा मोठा भरतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथल्या बऱ्याच पदार्थांत डुकराचं मांस असतं. कोंबडीचे आणि माशांचेही पदार्थ मिळतात. वहिनी पक्क्या शाकाहारी. त्यांनी प्रत्येक ठिकाणी, "यात काय आहे? तळलंय कशात?" असं सरळ विचारलं. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. उलट, "दीदी, ये मत लो," असं सांगून एका बाईनं त्यांना थांबवलंसुद्धा. जे आपल्या घरी चालत नाही, ते विचारून टाळावं. त्यात लाजायचं काही नाही.

हृदयाला बोट लावणारी न्याहारी

या सगळ्या लहान लहान पदार्थांना मिळून एक नाव आहे, 'डिम सम'. हा शब्द कँटनी भाषेतला. कँटन म्हणजे दक्षिण चीनमधलं आजचं ग्वांगझौ शहर; ग्वांगडोंग प्रांताची राजधानी. 'डिम' म्हणजे हलकेच टेकवणं आणि 'सम' म्हणजे हृदय. पोट गच्च भरणारं जेवण नव्हे, तर हृदयाला हलकेच स्पर्श करून जाणारा घास!

कँटन आणि हाँगकाँगमध्ये डिम सम खायला जाणं याला 'डिम सम खाणं' म्हणतच नाहीत. म्हणतात 'यम चा', म्हणजे 'चहा पिणं'. आपल्याकडे पाहुण्याला, "चहाला या," म्हणतात आणि समोर चिवडा, लाडू, पोहे सगळंच येतं ना, अगदी तसंच! आजी-आजोबा, नातवंडं, काका-काकू एका गोल टेबलाभोवती बसतात. बांबूच्या लहान गोल टोपल्यांत तीन-चार नग वाफवून येतात. एकमेकांत वाटून खायचे, म्हणजे पाच टोपल्यांत पाच चवी. शेवटी टोपल्या मोजून बिल करायची पद्धतही जुनी. म्हणजे एकच टोपली घेऊन तासभर वर्तमानपत्र वाचत बसणाऱ्या आजोबांनाही परवडावं, अशी ही सोय.

चहा ओतणाऱ्याचे आभार मानायचीही तिथं गंमतशीर रीत आहे. तोंडात घास असेल, तर बोलायचं नाही. टेबलावर दोन बोटांनी टकटक करायचं. म्हणतात, चीनचा चियानलुंग बादशहा एकदा वेष पालटून चहाच्या दुकानात गेला आणि त्यानं आपल्या नोकराच्या पेल्यात स्वतःच्या हातानं चहा ओतला. आता बादशहापुढे लोटांगण तर घातलं पाहिजे. पण घातलं तर बिंग फुटणार! मग नोकरानं बोटं दुमडून टेबलावर टेकवली. हेच त्याचं लोटांगण. ही दंतकथाच, पण पुतणीनं ती ऐकली आणि उरलेल्या प्रवासात वहिनींनी पोळी वाढली, की ती ताटाशेजारी टकटक करू लागली.

आणि हो, आपला 'चहा' हा शब्दही चीनचाच बरं का! कँटनी भाषेत 'चा'. चीनच्या दुसऱ्या एका किनाऱ्यावर, फुजियान प्रांतात, त्यालाच 'ते' म्हणायचे. तो शब्द डच जहाजांतून युरोपात गेला आणि इंग्रजीत 'टी' झाला. म्हणजे घरी 'चहा' आणि शाळेत 'टी' म्हणताना तुम्ही चीनचे दोन किनारे फिरून येता.

चीक, उकड आणि कळ्या

डिम समचा राजा म्हणजे 'हा गाऊ'. आत कोळंबी आणि बाहेर इतकं पातळ, काचेसारखं आवरण, की आतला गुलाबी रंग दिसावा. हे आवरण मैद्याचं नसतं, तांदळाचंही नसतं. मग कशाचं? दादांनी हा प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून वहिनी हसायलाच लागल्या. ते असतं गव्हाच्या चिकाचं!

कुरडयांसाठी आपण काय करतो? गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो. मग वाटून, गाळून, चोथा बाजूला काढतो. तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो. वरचं पाणी काढून टाकून तो आधणाच्या पाण्यात शिजवतो. शिजता शिजता दुधासारखा चीक काचेसारखा चकाकायला लागतो आणि घरातली सगळी पोरं वाटी घेऊन चुलीभोवती जमतात.

हे असं का होतं? गव्हात पिष्ट असतं आणि चिवट प्रथिनंही असतात. पोळीची कणीक ताणली जाते, ती या प्रथिनांमुळे. चीक काढताना ती चोथ्याबरोबर निघून जातात आणि उरतं जवळजवळ नुसतं पिष्ट. ते उष्णतेनं पाणी पिऊन फुगतं आणि त्यातून उजेड आरपार जाऊ लागतो. कँटनचे स्वयंपाकी हाच चीक वाळवलेल्या पिठाच्या रूपात घेतात, त्यात साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचं थोडं पीठ मिसळतात, उकळतं पाणी ओततात आणि गरम असतानाच मळतात. अगदी उकडीच्या मोदकासारखं! मग तेल लावलेल्या रुंद सुरीनं दाबून त्याची पुरी करतात आणि एका बाजूनं चुण्या घालून ती मिटतात. चांगल्या हा गाऊला निदान सात चुण्या हव्यात, असा संकेत आहे. मोदकाच्या कळ्या मोजणारी आजी तिथंही असणारच!

आणि वाफवणं तरी आपल्याला कुठं नवं आहे? नागपंचमीला आपल्याकडे तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत. मग पुरण भरून, कणकेची चौकोनी घडी घालून दिंडं वाफवतात. तूप घातलेलं गरम दिंड हे काय डिम समपेक्षा कमी आहे? पंधराशे-सतराशे किलोमीटर दूर, अनोळखी भाषेत, अनोळखी वासात उभं असताना वहिनींना पहिली ओळख पटली ती चिकाची. त्यानंतर त्या त्या भांड्यांकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागल्या.

"चीनहून कधी आलात?"

एका टेबलामागे साठीच्या एक आजी बाओ विकत होत्या. पुतणीनं आपल्या शाळेतल्या हिंदीत विचारलं, "आजी, तुम्ही चीनहून कधी आलात?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "बेटा, मी चीन पाहिलेलासुद्धा नाही. माझा जन्म इथलाच, बौबाजारचा. माझ्या आईचाही इथलाच." आणि मग शेजारच्या माणसाशी त्या फाडफाड बंगालीत बोलू लागल्या.

मित्रांनो, इथं मला जरा थांबावंसं वाटतं.

कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी अछीपूर नावाचं गाव आहे. सुमारे १७८० साली टाँग अछी नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जनं तिथं जमीन दिली आणि अछीनं साखरेचा कारखाना काढला. गावाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. कारखाना चालला नाही. पण चिनी माणसं येत राहिली. कँटनी लोक उत्तम सुतार. जहाजांचं लाकूडकाम करायचे. हक्का लोकांनी चामड्याचे कारखाने आणि चपला-बुटांची दुकानं काढली. हुपे प्रांतातले लोक दातांचे डॉक्टर झाले. ज्याच्या त्याच्या गावाचं एकेक देऊळ उभं राहिलं. कोलकात्यात त्या देवळांना 'चर्च' म्हणतात, हीसुद्धा एक मजाच! त्यांतलं सी इप चर्च १९०५ सालचं. 'सी इप' म्हणजे 'चार तालुके'. कँटन प्रांतातल्या चार तालुक्यांतून आलेल्यांचं ते देऊळ. आपल्या मुंबईतही माझगावला १९१९ सालचं असंच एक छोटं लाल देऊळ आहे, 'सी युप कून'. शब्द तोच, तालुके तेच! वैजापूरच्या माणसाला परगावी 'आपल्या तालुक्याचा' माणूस भेटला, की किती बरं वाटतं, हे वेगळं सांगायला नको.

मग आलं १९६२ साल. चीननं भारतावर हल्ला केला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ते याच वेळी. आपले जवान बर्फात लढले, हजारो धारातीर्थी पडले. साऱ्या देशाच्या मनात राग होता आणि तो असणारच. पण त्या रागात एक अन्यायही घडला. केवळ चिनी वंशाचे म्हणून भारतात राहणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांना अटक करण्यात आली. त्यांत बरेच जण आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडचे. त्यांना रेल्वेनं राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. त्यांत म्हातारी माणसं होती, तुमच्याएवढी मुलं होती. अनेकांचा जन्म भारतातलाच. कुणावरही खटला नाही, कुठला गुन्हा शाबीत नाही. काही जण तर चार-पाच वर्षं तिथं होते. परत आले तेव्हा कुणाचं दुकान गेलं होतं, कुणाचं घर. कोलकात्यातल्या चिनी लोकांवरही बंधनं आली, नोकऱ्या गेल्या. मग हळूहळू कुटुंबं देश सोडू लागली. कुणी कॅनडात टोरांटोला गेलं, कुणी आणखी कुठे.

लढाई दोन सरकारांची होती. सहावीतल्या मुलीचा तिच्याशी काय संबंध? आजही ईशान्य भारतातल्या मुलामुलींना आपल्या शहरांत कुणी कुणी 'ए चिनी' म्हणून चिडवतं. चेहरा बघून माणसाचा देश ठरवणं किती चुकीचं असतं, हे देवळीच्या छावणीनं दाखवून दिलंय. इतिहासाच्या पुस्तकात ते सहसा सापडत नाही. म्हणून इथं सांगितलं.

मागे काय उरलं?

कोलकात्याच्या पूर्वेकडे टांगरा नावाचा भाग आहे. तिथं हक्का लोकांचे चामड्याचे कारखाने होते. प्रदूषणामुळे ते शहराबाहेर हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली दिला. कारखाने गेले आणि कित्येक ठिकाणी हॉटेलं आली. तिथंच एक कालीमातेचं देऊळ आहे. चिनी कुटुंबं तिची पूजा करतात आणि प्रसादाला चक्क नूडल्स असतात! पुतण्या म्हणाला, "काका, असा प्रसाद असेल तर मी रोज देवळात जाईन."

पण माणसं कमी होत चालली आहेत. कोलकात्यातून १९६९ सालापासून 'सियोंग पाऊ' नावाचं चिनी भाषेतलं दैनिक निघायचं. २०२० साली ते बंद पडलं. वाचणारे थोडे उरले आणि अक्षरं जुळवणारेही. टिरेटा बाजारातही पूर्वी दुतर्फा टेबलं असत. आता मोजकी असतात. अनेक टेबलांमागे आता चिनी आजींऐवजी त्यांच्याकडून शिकलेले बंगाली, बिहारी, नेपाळी विक्रेते उभे असतात. याला वाईट म्हणायचं की चांगलं? आम्ही परतीच्या गाडीत यावर बराच वाद घातला. दादा म्हणाले, "आजींची पाककृती आजींबरोबर गेली असती, तर वाईट. ती शेजाऱ्याच्या हातात उरली, हे काय कमी आहे?" वहिनी म्हणाल्या, "पाककृती उरली हो. पण तिच्याबरोबरची भाषा गेली, त्याचं काय?" मला दोघांचंही पटलं.

तुम्ही कधी कोलकात्याला गेलात, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. रविवारी जा आणि सहाच्या आत पोहोचा. सुटे पैसे जवळ ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा. ती माणसं कामात असतात, प्रदर्शनात नाहीत. एकदम चार बशा घेऊ नका. एक घ्या, वाटून खा, मग दुसरी. आणि गप्पा मारा. जेवढ्या उत्सुकतेनं पदार्थांची नावं विचाराल, तेवढ्याच आपुलकीनं आजींचं गावही विचारा. फक्त 'चीनमधलं कुठलं?' असं विचारू नका. 'कोलकात्यातलं कुठलं?' असं विचारा.

जाणं जमणार नसेल, तर उन्हाळ्यात आजीनं कुरडयांचा चीक शिजवला, की लिंबाएवढा गोळा मागून घ्या. गरम असतानाच तेलाच्या हातानं त्याची पारी करा (चटका बसेल, आईला जवळ बसवा!), आत गाजर, कोबी आणि मटारची भाजी भरा, कळ्या घाला आणि मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवा. आवरण फाटलं, तर फाटू द्या. आतला हिरवा मटार बाहेरून दिसला, की समजा, जमलं!